मैदानाचा नारळ

कोंडीराम गमरे याला विसरता येत नसे. हा काही गुण नव्हे, आणि तो गुण आहे असं त्यानंही कधी मिरवलं नाही. चाळीत माणसं भांडतात, एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरतात आणि चार दिवसांनी नळावर एकमेकांच्या घागरी उचलून देतात. कोंडीरामचं तसं नव्हतं. एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात गेली की ती तिथंच मुक्काम ठोकायची, आणि हा तिला रोज जेवूखाऊ घालायचा.

दिसायला माणूस साधा. बुटका, काटक, पोटऱ्या मात्र दगडी. रत्नागिरीकडून बापाबरोबर मुंबईत आला, परळच्या एका गिरणीत सूतकताईच्या रिंग खात्यात चिकटला आणि प्रभादेवीच्या एका चाळीत बायको सुंदराबाईबरोबर एका खोलीत संसार मांडून राहिला. विणकामाच्या खात्यात मजुरी बरी मिळे, पण तिथं धोट्यातला दोरा तोंडानं ओढून काढावा लागायचा, आणि कोंडीरामच्या जातीच्या तोंडाचा दोरा बाकीच्यांना चालत नसे. त्याच्या हातच्या सुताचं कापड मात्र सगळ्यांना अंगावर चालायचं.

हे सगळं त्यानं गिळलं होतं. त्या काळी ज्याला त्याला असं पुष्कळ गिळावं लागे. जे गिळलं नाही ते खो-खोच्या मैदानावर घडलं.

चाळीपासून हाकेच्या अंतरावर एक जुनी वाडी होती आणि वाडीत जांबुवंत व्यायाम मंडळाचं मैदान. वाडी कमलाकांत भाऊसाहेबांच्या घराण्याची, म्हणून मंडळही त्यांचंच. भाऊसाहेब शिकलेले, गोड बोलणारे, पांढऱ्या स्वच्छ धोतरातले. मंडळाला पळणारा गडी हवा होता आणि कोंडीराम पळायला लागला की हाताला लागत नसे, म्हणून त्याला घेतला. खो-खोत पाठीवर थाप दिल्याशिवाय खो देता येत नाही, त्यामुळे मैदानात शिवाशिव पाळायची सोयच नव्हती. डाव संपला की मात्र बाकीचे पेल्यानं पाणी पीत आणि कोंडीरामच्या ओंजळीत तांब्यातून वरून धार पडे. तेही त्यानं गिळलं, कारण खेळ त्याला फार आवडायचा.

हनुमान जयंतीच्या सुमाराला मंडळ स्पर्धा भरवी, आणि त्या स्पर्धेची एक रीत होती. पहिल्या दिवशी मैदानाच्या खुंटाला लाल फडक्यात एक नारळ बांधायचा. अंतिम सामना संपला की जिंकलेल्या कर्णधारानं तोच नारळ सोडून खुंटाशी फोडायचा, आणि हरलेल्या कर्णधारानं मातीत वाकून तुकडे गोळा करायचे, सगळ्यांना वाटायचे, पहिला तुकडा जिंकलेल्याच्या हातावर ठेवायचा. नारळ फुटला की मैदान सुटलं. तो तसाच राहिला तर मैदान बांधलेलं राहतं आणि त्यावर पाऊल टाकणाऱ्याचं बरं होत नाही, अशी वाडीतल्या जुन्या लोकांची समजूत होती. नवे लोक हसायचे, पण पाऊल टाकून बघायला कुणी गेलं नव्हतं.

पंचावन्न साली अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मंडळाच्या कर्णधाराचा पाय मुरगळला. गड्यांनी एकमुखानं कोंडीरामचं नाव घेतलं, आणि त्यानं सामना असा काढला की समोरचे लोकसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. सामना संपल्यावर त्यानं नळावर जाऊन हात धुतले आणि ओले हात सदऱ्याला पुसत तो खुंटाकडे निघाला. तोवर भाऊसाहेबांनी नारळ सोडून आपल्या पुतण्याच्या, मनमोहनच्या, हातात दिला होता.

"पुढच्या हंगामाचा कर्णधार मनमोहन," भाऊसाहेब म्हणाले. मग कोंडीरामकडे वळून अगदी मायेनं म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. खेळ खेळाच्या जागी, देव देवाच्या जागी."

मनमोहननं नारळ फोडला. एक तुकडा उडून कोंडीरामच्या पायाशी पडला आणि कोंडीराम सवयीनं वाकला.

"राहू दे रे," मनमोहन म्हणाला. "हात लावू नकोस त्याला. वाटायचंय."

तो रागानं बोलला नव्हता. शिवी दिली असती तर कोंडीरामनं दोन शिव्या हासडल्या असत्या आणि फिट्टंफाट झाली असती. पण लहान पोराला 'गरम आहे, हात लावू नकोस' म्हणावं तसा तो सहज बोलला, आणि तेच कोंडीरामच्या डोक्यात जाऊन बसलं. अर्धवट वाकलेली पाठ त्यानं सरळ केली आणि तो मैदानाबाहेर पडला. मनमोहनला एक दिवस मातीत वाकवायचं, आपण फोडलेल्या नारळाचे तुकडे त्याच्याकडून वेचून घ्यायचे, हे त्यानं त्याच संध्याकाळी ठरवलं. देवाधर्मासाठी कुणी इतकं काटेकोर व्रत पाळत नाही.

त्यानं स्वतःचा संघ उभा केला. गिरणीतली पहिली पाळी सुटली की रिंग खात्यातली पोरं घामाच्या कपड्यांनीच एका मोकळ्या पटांगणात जमत. "घरी जाऊन लोळायचं असेल त्यांनी आत्ताच जा," कोंडीराम सांगायचा. "इथं तुमची दुसरी पाळी सुरू." म्हणून संघाचं नावच 'दुसरी पाळी' पडलं. पोरं सगळ्या जातींची होती. त्यातला बुधाजी मालवणचा, जाडजूड, पळायला बैलगाडी, पण हात असे लांब की बसल्या जागेवरून पलीकडचं दार लावील. त्याला का घेतला म्हणून सगळे हसले. "चौकात खोची वाट बघत बसायलाही माणूस लागतो," कोंडीराम म्हणाला. कर्णधार म्हणून तो कडक होता, खरं सांगायचं तर दुष्ट होता. कुणाला ताप आला तरी त्याला वाटे, मनमोहनला ताप आला असता तर तो थांबला असता काय?

मध्येच संयुक्त महाराष्ट्राचं वारं सुटलं आणि गिरणगाव पेटलं. छप्पनच्या जानेवारीत लालबागला गोळीबार सुरू झाला तेव्हा पळापळीत कोंडीराम एका इमारतीच्या जिन्याखाली शिरला. तिथं अंधारात आधीच कुणीतरी बसलं होतं. त्यानं कोंडीरामचा हात घट्ट धरला आणि बाहेर आवाज थांबेपर्यंत सोडला नाही. उजेडात आल्यावर पाहतो तर मनमोहन. "आपण सगळे मराठी एकच रे, कोंडीराम," मनमोहन गदगदून म्हणाला. गोळीबारात विटाळ होत नाही, एवढं ज्ञान कोंडीरामनं गाठीला बांधलं. त्या वर्षी दंगलींमुळे स्पर्धा झालीच नाही, आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळेपर्यंत आपल्याला वाट बघावी लागेल की काय, या विचारानं त्याची झोप उडाली.

छप्पनच्याच डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरच्या चौपाटीवर त्या अफाट गर्दीत, रडणाऱ्या लाखो लोकांबरोबर, कोंडीराम आणि सुंदराबाईनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरी आल्यावर सुंदराबाईनं भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या, देव्हाऱ्यातले टाक बांधून ठेवले आणि रिकामी झालेली भिंत ओल्या फडक्यानं पुसून काढली. पुसता पुसता ती थांबली.

"अहो, मग तो नारळ?"

"कुठला?"

"तुम्हाला मैदानावर फोडायचाय तो. आता आपल्याला चालायचा नाही."

हे कोंडीरामच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवस, पूजा, नारळ, सगळं आपणच हात वर करून सोडलं होतं, आणि ते मनापासून सोडलं होतं. "तेव्हाचं तेव्हा बघू," तो म्हणाला. सुंदराबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती पुन्हा भिंत पुसायला लागली.

सत्तावनला 'दुसरी पाळी' अंतिम सामन्यापर्यंत पोचली. समोर जांबुवंत, कर्णधार मनमोहन. शेवटच्या डावात गडी टिपायचे कोंडीरामच्या संघाकडे, वेळ संपत आलेली, एक गडी मारला की सामना खिशात, आणि मैदानात पळतोय कोण, तर मनमोहन! पाठलागावर कोंडीराम. आता खो-खोचा नियम असा की पळणारा बसलेल्या गड्यांच्या मधून हवा तसा इकडून तिकडे जाऊ शकतो, पाठलाग करणाऱ्याला मात्र एकाच बाजूनं खुंटापर्यंत पळत जाऊन वळसा घालावा लागतो. म्हणून तर खो द्यायचा, म्हणजे पलीकडे तोंड करून बसलेला गडी उठून त्याला गाठतो. कोंडीरामनं खो दिला नाही. त्याला मनमोहनच्या पाठीवर स्वतःचाच हात हवा होता. आठ गडी चौकात बसून "दे, दे!" ओरडत होते आणि हा खुंटाला वळसे घालत एकटा पळत होता. शिटी वाजली तेव्हा तो तोंडाला फेस येऊन उभा होता, आणि मनमोहन समोर हसत होता.

मनमोहननं नारळ फोडला. आता हरलेल्या कर्णधारानं तुकडे उचलायचे. कोंडीराम काय करणार होता हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. वाकणार होता की 'आमच्यात चालत नाही' म्हणून ताठ उभा राहणार होता? पण त्याच्यावर वेळच आली नाही. भाऊसाहेब पुढं झाले आणि गोड आवाजात म्हणाले, "बुधाजी, तू उचल रे. प्रसाद वाटायचाय."

हरलेल्याची नामुष्कीसुद्धा त्याला मिळाली नाही. नाही म्हणायचा हक्कसुद्धा नाही. त्या दिवशी कोंडीराम घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. सुंदराबाईनं ताट वाढलं आणि ती म्हणाली, "एक विचारू? एकटेच पळत होतात, मग ते आठ जण कशाला बसवले होते मधे? पाहुणे म्हणून?"

असं बोलायची मुभा साऱ्या मुंबईत तिला एकटीलाच होती. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या पाळीत खो द्यायचा सराव सुरू झाला, आणि सगळ्यात जास्त सराव कोंडीरामनं स्वतःचा करून घेतला. राग त्यानं सोडला नाही. फक्त तो एकट्याच्या मुठीत ठेवायचा नाही, नऊ जणांत वाटायचा, हे त्याला कळलं. पुढारीपण म्हणजे काय यावर लोक सभांतून भाषणं देतात. कोंडीरामला ते भाताच्या ताटासमोर बसून समजलं.

अठ्ठावनचा अंतिम सामना पुन्हा त्याच दोघांचा. मैदानाभोवती माणूस माणसाला चिकटून उभा होता. संयुक्त महाराष्ट्र समितीची मंडळी पुढच्या खुर्च्यांवर होती, कारण भाऊसाहेबांना पुढच्या महापालिका निवडणुकीत उभं राहायचं होतं आणि आसपासच्या चाळींतली मतं हवी होती. फोटोवालाही बोलावला होता. सामनाही जणू गेल्या वर्षीचाच उरलेला तुकडा. शेवटचा डाव, एक गडी हवा, पळतोय मनमोहन, मागे कोंडीराम.

मनमोहन अगदी निर्धास्त होता. हा सुडानं आंधळा झालेला गडी आपल्याला दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, हे तो गेल्या वर्षी शिकला होता. कोंडीराम हातभर मागे आला तसा तो शेवटच्या चौकापाशी, बुधाजीला खेटून, पलीकडे सरकला आणि दमलेला श्वास सोडायला क्षणभर रेंगाळला. कोंडीरामचा हात त्याच्या सदऱ्याला लागायला बोटभर बाकी होता. तीन वर्षं त्या बोटभर अंतरासाठी हा माणूस जगला होता. त्यानं तो हात मागे घेतला आणि बुधाजीच्या पाठीवर हाणला.

"खो!"

बुधाजीला पळावंच लागलं नाही. तो उठला, एक पाऊल टाकलं आणि लांब हातानं मनमोहनच्या पाठीवर अशी थाप दिली की तो मातीत गुडघ्यावर आला.

गलका शमल्यावर भाऊसाहेब लाल फडक्यातला नारळ दोन्ही हातांत धरून पुढं आले. फोटोवाल्यानं जागा घेतली. "ये कोंडीराम," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "आज मैदान तुझ्या हातून सुटू दे. आमच्याकडे भेदभाव नाही."

मनमोहन खुंटाजवळ पंचा पसरून उकिडवा बसला होता, तुकडे गोळा करायला. मान खाली होती. नारळ कोंडीरामच्या हातात आला. जड होता, आत पाणी हलत होतं. एकच घाव, की मनमोहन मातीत हात घालणार. बायकांच्या घोळक्यात सुंदराबाई उभी होती. तिनं मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काही नाही. नुसती बघत होती, त्या दिवशी भिंत पुसताना बघितलं होतं तशी.

कोंडीरामनं नारळ उचलला होता, तो खाली घेतला.

"भाऊसाहेब, आम्ही आता नारळ फोडत नाही."

"अरे, रीत आहे ही! फोड."

"खेळ खेळाच्या जागी, भाऊसाहेब. देव देवाच्या जागी."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. पुढच्या खुर्च्यांवर कुणीतरी खाकरलं. "मग इकडे आण तो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आम्ही फोडतो."

"नारळ जिंकणाऱ्याचा ना? मग घरी नेतो." आणि कोंडीरामनं नारळ काखेत मारला आणि तो चालायला लागला. मागून दुसऱ्या पाळीची पोरं, त्यांच्या मागून अर्धी गर्दी. फोटोवाल्याला फोटो मिळाला तो पाठींचा.

चाळीच्या पायरीपर्यंत बुधाजी मागून चालत आला. तिथं मात्र त्यानं वाट अडवली. "कोंडीरामा, तुझो देव गेलो, पण माझो आसा मां? आमी काय फुकट धावलव?"

तीन वर्षं या पोरांना कोंडीरामनं आपल्या रागासाठी राबवलं होतं आणि त्यांचं काय, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यानं नारळ बुधाजीच्या हातात दिला. "गडी तू मारलास. नारळ तुझा. तुला हवं ते कर."

बुधाजीनं मग पायरीसमोर उभं राहून खास मालवणी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या दुसऱ्या पाळीक अशीच उदंड ताकद दी रे म्हाराजा!" आणि पोरांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून चाळ दणाणून सोडली. तेवढा वेळ कोंडीराम नळाशी पाय धूत बसला होता. नारळ पायरीवर फुटला, पाणी उडालं, तुकडे चारी बाजूंना गेले.

तेवढ्यात मनमोहन धापा टाकत आला. इतकी वर्षं एकत्र खेळून त्यानं या चाळीची पायरी पहिल्यांदा पाहिली. खांद्यावर तोच पंचा होता.

"कोंडीराम, नारळ दे परत. काकांनी मागितलाय. आमचे गडी मैदानात पाय ठेवायला तयार नाहीत." मग त्याला खालचे तुकडे दिसले. "फोडलात?" त्यानं खांद्यावरचा पंचा काढला. "बरं. निदान रीत तरी पुरी करू दे. हरलेल्यानं उचलायचे असतात ना, मी उचलतो." आणि त्यानं पायरीपाशी पंचा पसरला आणि तो वाकला.

कोंडीराम नळावरून उठून आला. मनमोहन त्याच्या चाळीच्या धुळीत त्याच्यासमोर वाकला होता, आपण होऊन, कुणी न सांगता. हेच तर त्याला हवं होतं. मनमोहनचा हात पहिल्या तुकड्यापाशी पोचला होता.

"राहू दे रे," कोंडीराम म्हणाला. रागानं नाही, अगदी सहज. "हात लावू नकोस त्याला. वाटायचंय."

मनमोहनचा हात तिथल्या तिथं थांबला. त्याला आठवलं. आठवलं हे त्याच्या लाल झालेल्या कानशिलांवरून दिसत होतं. अर्धवट वाकलेली पाठ सरळ करायला त्याला फार वेळ लागला.

सुंदराबाईनं पदर खोचून तुकडे ताटात गोळा केले. पहिला बुधाजीला, मग सगळ्या पोरांना, मग चाळीतल्या लेकरांना. मनमोहन पंचा हातात धरून एका कडेला उभा होता. जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर तिनं उरलेला एक लहानसा तुकडा घेतला आणि त्याच्या हातावर ठेवला, नीट, बोटं लागू देऊन. कोंडीरामनं तो वरून टाकला असता. पण वाटप तिच्या हाती होतं.

सूड घेऊन समाधान मिळत नाही, असं पुष्कळ शहाणे लोक सांगतात. त्यांच्यातल्या कुणी तो घेऊन पाहिलेला असतो की नाही, देव जाणे. कोंडीराम पायरीवर बसला आणि आपल्या वाटणीचं खोबरं त्यानं हळूहळू चावून खाल्लं. प्रसाद म्हणून नाही, खोबरं म्हणून. समोर मनमोहन आपला तुकडा मुठीत घेऊन उभा होता आणि कोंडीरामची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

"खा की," कोंडीराम म्हणाला. "गोड आहे."